जागा पाहून पाल

लोह्याच्या मोंढ्यात सौदे सुरू व्हायच्या आधी अर्धा तास सगळ्यांच्या माना खाली असतात. ट्रॉलीच्या फळीवर बसलेला शेतकरी, चहाच्या टपरीशी उभा हमाल, मापाडी, आडतीच्या गादीवरचा मुनीम. ज्याच्या त्याच्या हातात फोन आणि फोनमध्ये भाव. नांदेडला सोयाबीन काय निघालं, लातूरला तूर कुठवर गेली, हिंगोलीत हळद वर आहे की खाली. आत दुकानात संगणकाचा पडदा असतो, त्यावरही बहुतेक वेळा तेच पान उघडलेलं असतं. एकच तक्ता एकाच वेळी चार बोटं रुंद फोनवर आणि हातभर रुंद पडद्यावर वाचला जातो.

भावाच्या तक्त्याचा आपल्याकडे एक साचा ठरून गेला आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या तक्त्यात बाजार समितीचं नाव, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे सात रकाने येतात. कागदावर हा साचा चोख. माझ्या मावसभावाची मोंढ्यात आडत आहे. त्याच्या गिऱ्हाइकांसाठी मी याच धर्तीचं एक लहानसं पान करून दिलं. करताना माझ्यासमोर लॅपटॉप होता, त्यामुळे पान देखणं दिसत होतं. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "दादा, वर हाय तवर बराबर हाय. खाली गेलं की कोणता आकडा कशाचा तेच कळना गेलंय. अन् उजवीकडचं तर दिसतच न्हाई."

तक्रारी दोन होत्या. पान वर सरकलं की रकान्यांची नावं असलेली ओळ पडद्याबाहेर निघून जायची आणि मागे नुसते आकडे उरायचे, ही एक. पडदा अरुंद म्हणून शेवटचे रकाने, म्हणजे नेमका सर्वसाधारण दर, उजव्या कडेपलीकडे जायचा, ही दुसरी. वाचणारा पानावर कुठे आहे त्याप्रमाणे रूप बदलायचं आणि त्याच्याकडे जागा किती आहे त्याप्रमाणेही रूप बदलायचं, या दोन कामांत वेबपानं बनवणाऱ्यांची तीस वर्षं गेली आहेत.

वेबपान दोन थरांत लिहितात. मजकूर एचटीएमएलमध्ये, त्याचं दिसणं, म्हणजे रंग, अक्षराचा आकार, रुंदी, मोकळी जागा, हे सीएसएस नावाच्या दुसऱ्या भाषेत. या दुसऱ्या भाषेचा पहिला प्रस्ताव १० ऑक्टोबर १९९४ रोजी होकुन विउम ली या नॉर्वेच्या तरुणाने मांडला, तेव्हा तो जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत होता. त्या प्रस्तावात एक गंमतशीर कलम होतं. दिसणं परिस्थितीवर अवलंबून ठेवता यावं असं त्यात सुचवलं होतं आणि उदाहरण दिलं होतं जुन्या वर्तमानपत्राचं: मजकूर तीन दिवसांपेक्षा जुना झाला असेल तर पार्श्वभूमी फिकट पिवळी, नाहीतर पांढरी. दुसऱ्या उदाहरणात पडद्याची उंची तीस सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर एक रूप, नसेल तर दुसरं. पान हा छापून ठेवलेला कागद नव्हे, त्याला डोळे-कान देता येतील, ही कल्पना अगदी पहिल्या दिवशीच होती. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती आली तेव्हा मात्र त्यात या अटी नव्हत्या.

मग पंधरा वर्षं छापखान्याचीच सवय चालली. पानाची रुंदी पिक्सेलमध्ये ठोकून ठरवायची, आधी ८०० च्या आत, नंतर ९६०, आणि तळाशी सूचना लिहायची की हे संकेतस्थळ अमुक बाय अमुक आकारात उत्तम दिसेल. सरकारी संकेतस्थळांवर ही ओळ कितीतरी वर्षं टिकली. पाहुण्यालाच सांगायचं की आमचं दार इतकं उंच आहे, त्या मापाचे होऊन या. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत छपाईसाठी वेगळं रूप आणि हातात धरायच्या यंत्रांसाठी वेगळं रूप अशी सोय झाली होती. छपाईची सोय आजही उपयोगी पडते. हातातल्या यंत्रांची मात्र वाया गेली, कारण २००७ साली आयफोन आला आणि त्याने आपण हातातलं यंत्र आहोत हे कबूलच केलं नाही. त्याने ९८० पिक्सेल रुंद पडद्याचं सोंग घेतलं, मोठ्या पडद्यासाठीचं अख्खं पान मांडलं आणि मग ते आकसून दाखवलं. वाचायचं तर दोन बोटांनी फाकवा. हे सोंग थांबवून 'तुझी खरी रुंदी सांग' असं ब्राउझरला सांगणारी एक ओळ पानाच्या माथ्यावर लिहावी लागते. त्या ओळीला व्ह्यूपोर्ट म्हणतात. ती विसरलेली पानं आजही सापडतात. मुंगीएवढी अक्षरं दिसली की समजायचं.

२५ मे २०१० रोजी ईथन मार्कोट या अमेरिकी रचनाकाराने एक लेख लिहून या सगळ्याला नाव दिलं: रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन. वेगळ्या यंत्रासाठी वेगळं पान करू नका, रुंद्या टक्क्यांत ठेवा, चित्रं लवचीक ठेवा आणि पडद्याच्या मापाप्रमाणे नियम बदला, असं त्याचं म्हणणं. या नियमांना मीडिया क्वेरी म्हणतात आणि जून २०१२ मध्ये त्या अधिकृत मानकात आल्या.

मला हे माळेगावच्या यात्रेमुळे लवकर कळलं असं वाटतं. माळेगाव लोहा तालुक्यातलंच. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, घोडे, गाढवं, उंट, लालकंधारी बैल यांचा मोठा बाजार होतो. तिथे येणारे दुकानदार पाल घेऊन येतात, मांडव नाही. कापड तेच, बांबू तेच. जागा कुठे दहा हात मिळते, कुठे सहा, कुठे कोपऱ्यावरची तिरपी. दहा हातांच्या जागेत बांगड्यांचे तीन खोके शेजारी शेजारी मांडायचे. सहा हातांत एकावर एक. पण गल्ला आणि समोर टांगायचा माल दोन्ही ठिकाणी डोळ्यांसमोरच. जागा पाहून पाल टाकायचं, पण दुकान तेच राहिलं पाहिजे.

आता किती रुंदीला रूप बदलायचं? नवशिके फोनच्या मॉडेलांची यादी घेऊन बसतात, मीही बसलो होतो. ते व्यर्थ असतं. आपल्या हातातल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांची रुंदी ब्राउझरच्या हिशेबात ३६० पिक्सेलच्या आसपास असते. खोक्यावर १०८० लिहिलेलं असलं तरी ब्राउझर तीन-तीन ठिपक्यांचा एक पिक्सेल धरतो, म्हणून अक्षरं वाचण्याजोगी राहतात. पण २०१७ साली जिओफोन आला त्याचा पडदा २.४ इंचांचा, २४० पिक्सेल रुंद, आणि पान बोटाने नाही तर बटणाने सरकायचं. उद्या दुसरं काही येईल. म्हणून यंत्र पाहायचंच नाही, आपला मजकूर पाहायचा. ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करत न्यायची आणि ज्या रुंदीला ओळी गचडायला लागतात, आकडा आपल्या रकान्यातून बाहेर डोकावतो, तिथे नवा नियम लिहायचा. माझा तक्ता ६४० च्या आसपास गचडत होता.

पण मी आधी आळशीपणा केला. सातही रकाने तसेच ठेवले आणि तक्त्याभोवती एक चौकट घालून ती आडवी सरकेल असं केलं. बोटाने डावीकडे ओढा, सर्वसाधारण दर दिसेल. दुसरी तक्रार मिटली, असं मला वाटलं. राहिली पहिली: रकान्यांच्या नावांची शीर्षओळ वर चिकटून राहायला हवी.

पान सरकताना काही बदलायचं असेल तर जुना उपाय एकच होता, जावास्क्रिप्टला, म्हणजे पानाला हालचाल शिकवणाऱ्या तिसऱ्या भाषेला, पहाऱ्यावर बसवायचं. पान सरकलं की ब्राउझर हाक देतो, त्या हाकेला ओ देणारा एक तुकडा लिहायचा. त्याने दर वेळी मोजायचं की आपण वरून किती खाली आलो, अमुक अंतर ओलांडलं असेल तर शीर्षओळीचं रूप बदलायचं. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की बोट सरकत असेपर्यंत ही हाक सतत येत राहते. पडदा सेकंदाला साठ वेळा नवं चित्र दाखवतो, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० वेळा ताजा होणाऱ्या नव्या फोनांत याच्या निम्मेच. तेवढ्या वेळात ब्राउझरला चार कामं उरकायची असतात: कोणत्या घटकाला कोणता नियम लागू ते ठरवणं, प्रत्येकाची जागा आणि माप काढणं, रंग भरणं आणि सगळे थर एकावर एक ठेवून पडद्यावर आणणं. त्यात आपला तुकडा मध्येच रेंगाळला की चित्र चुकतं आणि पान बोटाखाली अडखळतं.

यातली सर्वांत महाग चूक दिसायला निरागस असते. तुकडा एका ओळीची उंची विचारतो, मग तिचं रूप बदलतो, मग दुसऱ्या ओळीची उंची विचारतो. पण पहिलं रूप बदललं म्हणजे ब्राउझरची आधीची सगळी मापं शिळी झाली. दुसरं उत्तर द्यायला त्याला अख्ख्या पानाची मांडणी पुन्हा करावी लागते. शंभर ओळी असतील तर शंभर वेळा. मोंढ्यातला मापाडी असं कधी करत नाही. तो आधी सगळी पोती काट्यावर घेतो, आकडे लिहितो, मग थप्पी लावतो. प्रत्येक पोत्यामागे थप्पी मोडून पुन्हा लावणारा मापाडी संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. जावास्क्रिप्टलाही तोच नियम: आधी सगळी मापं घ्या, मग सगळे बदल करा.

मोठमोठेही यात अडकले आहेत. २०११ च्या जानेवारीत ट्विटरचं पान सरकवताना विलक्षण जड झालं होतं. जेक्वेरी ही त्या काळी सर्वत्र वापरली जाणारी जावास्क्रिप्टची जोड घडवणारा जॉन रेसिग याने कारण लिहून काढलं: प्रत्येक हाकेला ट्विटरचं पान आत काहीतरी शोधत होतं, आणि तो शोध जेक्वेरीच्या नव्या आवृत्तीत मंदावला होता. त्याचा सल्ला साधा होता. हाक आली की फक्त एक खूण करून ठेवा, आणि दर पाव सेकंदाने ती खूण आहे का ते पाहून एकदाच काम करा.

पाच वर्षांनी याहून चांगला मार्ग ब्राउझरांनीच दिला. बाजार समितीच्या आवक गेटवरचा माणूस आठवा. ट्रॅक्टर पारडीहून निघाला तेव्हापासून तो त्याच्यामागे धावत नाही. आपल्या जागी बसून असतो. ट्रॉली फाटकातून आत आली की नोंद करतो, बाहेर पडली की नोंद करतो. २०१६ मध्ये क्रोममध्ये आलेला इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर हेच करतो. त्याला सांगून ठेवायचं की हा घटक पडद्याच्या चौकटीत शिरला किंवा बाहेर पडला की मला कळव. मधल्या प्रवासाचा हिशेब आपल्याला ठेवावा लागत नाही. लांबलचक पानावरची चित्रं जवळ आल्यावरच उतरवून घेणं, मथळा बाहेर गेला की छोटी पट्टी दाखवणं, ही कामं आता अशी होतात. घटकाचं माप बदललं की कळवणारा त्याचा भाऊ, रिसाइझ ऑब्झर्व्हर, २०१८ मध्ये क्रोममध्ये आला. आधी फक्त अख्ख्या खिडकीचं माप बदलल्याची हाक मिळायची. आतला एखादा खोका मजकूर वाढल्यामुळे फुगला तर कुणी सांगायला येत नसे.

पण माझ्या शीर्षओळीसाठी याचीही गरज नव्हती. सीएसएसमध्येच एक शब्द आहे: स्टिकी. घटक आपल्या नेहमीच्या जागी राहतो, पान सरकताना वरच्या कडेला टेकला की तिथे थांबतो, आणि ज्या विभागात तो आहे तो विभाग संपला की विभागाबरोबर निघून जातो. शिवेपर्यंत पालखीला पोचवायला गाव जातं, शीव आली की परततं आणि पुढच्या गावचे लोक पालखी घेतात, तसं. एका पानावर सोयाबीन, तूर, हळद असे तीन तक्ते असतील तर सोयाबीनची शीर्षओळ सोयाबीन संपेपर्यंतच वर राहते, मग तूर तिला ढकलून आपली ओळ आणते. जावास्क्रिप्टचं एक अक्षरही लागत नाही. या शब्दाचा जन्मही रडतखडत झाला. सफारीने तो २०१३ मध्ये आणला, क्रोमने प्रयोग म्हणून घेतलेला २०१४ मध्ये काढून टाकला आणि जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा घेतला.

मी तो शब्द लिहिला आणि काहीच झालं नाही. शीर्षओळ पूर्वीसारखीच वर निघून जायची. दोन संध्याकाळी यात गेल्या. कारण सापडलं ते माझ्याच आळशीपणात. आडवी सरकणारी जी चौकट मी तक्त्याभोवती घातली होती, ती ब्राउझरच्या नियमाने उभ्या दिशेलाही 'सरकणारी' ठरते. चिकटणारा घटक आपल्या सर्वांत जवळच्या सरकणाऱ्या चौकटीला चिकटतो. माझी शीर्षओळ इमानेइतबारे त्या चौकटीच्या माथ्याला चिकटलेली होती. चौकट स्वतःच पानाबरोबर वर जात होती. दुसऱ्या तक्रारीवरच्या औषधाने पहिलीचं औषध मारलं होतं.

मग मुळाशी जावं लागलं. ट्रॉलीवर बसलेल्या माणसाला परिमाण हा रकाना कशाला हवा? मोंढ्यात सगळं क्विंटलमध्येच चालतं. ६४० पेक्षा अरुंद पडद्यावर सातांचे तीन रकाने केले: बाजार समिती, आवक, सर्वसाधारण दर. ओळीवर बोट टेकवलं की कमीत कमी, जास्तीत जास्त आणि प्रत खाली उघडतात. आडवं सरकवणं गेलं, चौकट गेली, आणि शीर्षओळ त्याच क्षणी चिकटली. मावसभाऊ म्हणाला, हे आधीच का केलं नाही. बरोबर होतं त्याचं.

मराठीची म्हणून एक अडचण यात असते आणि इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांत ती सापडत नाही. शीर्षओळीची आणि भावांच्या ओळींची उंची मी पुस्तकातल्या उदाहरणाप्रमाणे पक्की ठोकली होती. इंग्रजी अक्षरांना ती पुरली असती. 'किंमत' या शब्दाला वेलांटी आणि अनुस्वार वर हवेत, 'हिंगोली'ला वर चार चिन्हं, 'सर्वसाधारण'वर रफार, आणि 'तूर'ला खाली ऊकार. वरची चिन्हं पट्टीच्या कडेने कापली जात होती. हळद हिंगोलीची की हगोलीची असा प्रश्न पडावा असं ते दिसत होतं. उपाय म्हणजे उंची कधी पक्की करायची नाही, फक्त 'किमान इतकी' म्हणायची, आणि दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सैल ठेवायचं. शिवाय 'सर्वसाधारण' हा सहा अक्षरांचा जाडजूड शब्द अरुंद रकान्यात कुठेही तुटू द्यायचा नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्त' हा टंक मी वापरला, तो फुकट आहे आणि लहान आकारातही वाचता येतो. पण टंक उतरेपर्यंत फोन स्वतःच्या अक्षरात पान दाखवतो, टंक आला की ओळींची उंची बदलते आणि सगळं पान हिसका खातं. वाचणारा नेमका त्या वेळी एखाद्या ओळीवर बोट टेकवत असतो.

हिसक्यावरून आठवलं. पानाच्या अगदी वर दुकानाच्या नावाची मोठी पट्टी होती. ती पन्नास पिक्सेल सरकल्यावर आकसून लहान व्हावी, असं मी हौसेने केलं. सगळेच करतात. एका विशिष्ट जागी थांबलं की पट्टी वेड्यासारखी थरथरायला लागायची: लहान, मोठी, लहान, मोठी. काय होत होतं पाहा. पन्नास ओलांडलं म्हणून पट्टी लहान झाली. ती लहान झाली म्हणून खालचं पान वर आलं आणि सरकलेलं अंतर पन्नासच्या आत गेलं. आत गेलं म्हणून पट्टी मोठी झाली. मोठी झाली म्हणून अंतर पुन्हा पन्नासवर. अट स्वतःच्याच परिणामाने खोटी पडत होती. घरच्या पाण्याच्या टाकीवर मोटार आपोआप चालू-बंद करणारं यंत्र बसवलेलं असतं, त्यात हा रोग होऊ नये म्हणून दोन खुणा असतात. टाकी वरच्या खुणेला भरली की मोटार बंद, आणि पाणी खालच्या खुणेपर्यंत उतरल्यावरच चालू. एकच खूण ठेवली तर पाण्याच्या लाटेबरोबर मोटार चालू-बंद होऊन जळेल. मी ऐंशीला लहान आणि वीसला मोठी अशा दोन खुणा ठेवल्या आणि पट्टीची मूळ जागा राखीव केली, म्हणजे ती आकसली तरी खालचं काही हलत नाही.

फोनवर तर सरकवणं आणि माप बदलणं या दोन गोष्टी वेगळ्या राहतच नाहीत. खाली सरकायला लागलात की ब्राउझरची पत्त्याची पट्टी लपते आणि पडद्याची उंची वाढते. वर आलात की ती परत येते आणि उंची घटते. पडदाभर उंच असा एखादा घटक केला असेल तर त्याच्या तळाचं बटण त्या पट्टीमुळे कडेखाली जातं आणि वाचणारा म्हणतो, बटण कुठं हाय? यावर २०२२ मध्ये उंचीची तीन नवी मापं आली: पट्टी दिसत असतानाची लहान उंची, लपलेली असतानाची मोठी उंची आणि क्षणाक्षणाला बदलणारी खरी उंची. तिसरं माप मोहक वाटतं, पण वापरू नये असं माझं मत आहे. बोटाबरोबर घटक ताणला-आखडला जातो आणि वाचणाऱ्याला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. बटणासाठी लहान उंची धरावी, झालं.

२०२२ मध्येच आणखी एक जुनी मागणी पुरी झाली. आतापर्यंत नियम विचारायचे की पडदा किती रुंद आहे. पण दुकानातल्या मोठ्या पडद्यावर माझा तक्ता उजव्या कडेच्या अरुंद पट्टीत बसवला तर पडदा रुंद आणि तक्त्याची जागा मात्र फोनएवढीच. त्याने पडद्याकडे पाहून सात रकाने उघडले की गेलं. घटकाने पडद्याकडे न पाहता स्वतःच्या खोलीकडे पाहावं, याला कंटेनर क्वेरी म्हणतात. इतकी वर्षं ती देता आली नाही, कारण तिथेही थरथरत्या पट्टीचाच फेरा होता: खोली अरुंद म्हणून आतला मजकूर बदलला, मजकुरामुळे खोली रुंद झाली, मग अट खोटी. मिरियम सुझॅन आणि इतरांनी मांडलेल्या रचनेत खोलीची रुंदी आतल्या मजकुरावर अवलंबून राहणार नाही असं आधीच बांधून घ्यावं लागतं, आणि मग फेरा उरत नाही. क्रोम आणि सफारीत ती २०२२ मध्ये आली, फायरफॉक्समध्ये २०२३ च्या फेब्रुवारीत.

पान सरकेल तसतसं चित्र हलवायची सोयही आता सीएसएसमध्येच आहे. क्रोममध्ये ती जुलै २०२३ मध्ये आली. आपण पानाचा किती भाग वाचला ते दाखवणारी बारीक रेघ तिने दोन ओळींत होते. बाकी तिचा वापर जो दिसतो तो लग्नाच्या वरातीतल्या रोषणाईच्या जातीचा. मागचा डोंगर हळू, पुढचं झाड जोरात, मजकूर डावीकडून घुसतोय. २०१३ मध्ये आयफोनच्या सातव्या प्रणालीत पडद्यावर असं हलतं खोलपण आलं आणि कित्येकांनी मळमळ, चक्कर अशा तक्रारी केल्या. म्हणून फोनमध्ये 'हालचाल कमी' अशी निवड असते आणि पान ती विचारून घेऊ शकतं. विचारावं. भाव बघायला आलेल्या माणसाला डोंगर हलवून दाखवण्यात काही अर्थ नाही.

पान महिनाभर नीट चाललं. मग एकदा मोंढ्यात ओट्यावर बसलेल्या एका काकांकडे लक्ष गेलं. त्यांनी फोनची अक्षरं सर्वांत मोठी करून ठेवलेली, आणि ती मावेनात म्हणून फोन आडवा धरलेला. आडव्या फोनची उंची ३६०. त्यातून फोनच्या आणि ब्राउझरच्या पट्ट्या गेल्या, वर माझी नावाची पट्टी, तिच्याखाली चिकटलेली शीर्षओळ. भावांसाठी उरल्या होत्या दीड ओळी. काका त्या फटीतून एकेक बाजार समिती शोधत होते. रुंदीचे नियम मी चारदा तपासले होते, उंचीचा एकही लिहिला नव्हता. घरी येऊन लिहिला: पडद्याची उंची ४५० पेक्षा कमी असेल तर नावाची पट्टी चिकटवू नकोस, नुसती शीर्षओळ ठेव, तीही एका ओळीत.

आठवड्याने काकांना पान पुन्हा उघडायला लावलं. त्यांनी फोन आडवा केला, सावकाश खाली सरकवत तुरीपर्यंत गेले. "आता दिसालंय," म्हणाले. मग फोन माझ्यासमोर धरून विचारलं, "पण हे आजचे का कालचे?"

तारीख पानाच्या माथ्यावर होती आणि माथा कधीच वर निघून गेला होता. १९९४ सालचं ते पिवळ्या कागदाचं कलम सीएसएसमध्ये आजही नाही. मजकुराचं वय त्याला कळत नाही. त्या रात्री जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहिल्या. आता त्या पानावर आजचे भाव पांढऱ्यावर दिसतात, आणि ज्या बाजार समितीचा आकडा आज आलेला नाही तिची ओळ फिकट पिवळी असते.